एका टाळीची जागा

१

माझी अपेक्षा होती एका थंड, कोरड्या खोलीची. भिंतीवर तापमानाचा काटा, फळ्यांवर उभ्या ठेवलेल्या टेपा, प्रत्येकीला क्रमांक, आणि हातमोजे घातल्याशिवाय कशालाही न शिवणारी माणसं. दूर देशी चार वर्षं मी अशाच खोल्यांमध्ये शिकले. जुने आवाज कसे वाचवायचे, हेच माझं शिक्षण.

सापडलं ते असं. सार्वजनिक सभागृहाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, झाडू-बादल्यांच्या खोलीला लागून एक दार. आत फरशी पुसायच्या औषधाचा वास. भिंतींना धूळ खाऊन काळपट झालेला जाड गालिचा ठोकलेला. लोखंडी कपाटात टेपा आडव्या, एकीवर एक, रद्दीसारख्या रचलेल्या. आणि टेपच्या मशीनवर, खुद्द मशीनवर, अर्धा प्यायलेला चहाचा कप.

मी एका टेपेसाठी परत आले होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी खालच्याच सभागृहात चार तरुणांच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला, त्याची ही टेप. तीन मिनिटांची प्रेमगीतं त्यांना मान्य नव्हती. आपल्या संगीताला ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे आणि एकोणीस मिनिटांची एकच रचना वाजवायचे, जिच्यात मध्येच मात्रा बदलत आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरके. वर्षभरात बँड मोडला. त्यातले ड्रमवाले म्हणजे माझे बाबा. मी दीड वर्षाची असताना ते साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. घरात त्यांचे तीन फोटो आहेत आणि लाकडी काड्यांची एक जोडी. आवाज कुठेच नाही.

आईने या खोलीच्या तीन खेपा घातल्या होत्या. तिन्ही वेळा तिला एकच उत्तर मिळालं, "टेप खराब झालीय, वहिनी." तिसऱ्या खेपेनंतर तिने नाद सोडला. आणि मी आल्या आल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली यादी वाचली, तर तिच्यात बाबांच्या बँडच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: स्थिती उत्तम.

खोटं बोलायलासुद्धा थोडे कष्ट घ्यावे लागतात. इथे तेवढेही कुणी घेतले नव्हते. यादी तरी लपवायची!

त्याच संध्याकाळी मी आईला शब्द दिला. पुढच्या शुक्रवारी तिला त्या खोलीत बसवून बाबांचं वाजवणं ऐकवणार.

२

खोलीचा धनी म्हणजे मास्तर. कशाचे मास्तर ते कुणाला माहीत नव्हतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोज यायचे, कारण त्यांना कुणी येऊ नका म्हणालं नव्हतं. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांनीच केलेलं. मी स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ड्रमवाल्याची पोर तू. उंच झालीस."

"टेप खराब झालीय म्हणे," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणालात. माझ्या आईला. तीनदा."

"हां, तसं म्हणालो होतो खरा," असं म्हणून त्यांनी कप उचलला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला. ना लाज, ना खुलासा.

तो गुरुवार होता. अकरा वाजता त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. मग खांदे उडवून त्यांनी लाकडी खुर्ची मशीनसमोर ओढली, बाबांची टेप चढवली, स्पीकर चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पहिली दहा-अकरा मिनिटं काहीच केलं नाही. मग रचनेचा दुसरा भाग सुरू झाला. बेस गिटार सात मात्रांची एकच ओळ घोळवू लागली. सात झाल्या की सगळी वाद्यं थांबायची, एक मात्रा पूर्ण रिकामी जायची, आणि सगळे एकदम कोसळायचे. त्या रिकाम्या मात्रेत मास्तरांनी टाळी वाजवली. एकच, चपखल. पुढच्या वेळी पुन्हा. शेवटपर्यंत, सोळा वेळा.

साठीच्या पुढचा माणूस, रिकाम्या खोलीत, यंत्राला टाळ्या देत होता! स्पीकरचा आवाज आणि त्यांच्या टाळ्या असा काही गोंधळ झाला, की पहिल्यांदा बाबांना ऐकण्याचा माझा क्षण पार वाया गेला.

"हे दर गुरुवारी?" मी विचारलं.

"दर गुरुवारी. आठवडा निघतो त्याच्यावर."

"कुणाचा आठवडा?"

ते टेप गुंडाळत होते. तळहात हमालासारखे, घट्टे पडलेले. "तुला लय शिकवलं का गं तिकडे?" त्यांनी विचारलं. "हे सातानंतरचं रिकामं घर धरता येतं का तुला?"

मी हसले. कॉलेजात असली गणितं आम्ही न्याहारीला सोडवत असू. त्यांच्या मोजण्यावर मी चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा टाळी केसभर उशिरा पडली.

"येईल," मास्तर म्हणाले. मला दिलासा देण्याचं त्यांना काही कारण नव्हतं, म्हणून त्याचा जास्तच राग आला.

३

सोमवारी मी ती खोली माझ्या पद्धतीने लावून घेतली. कप बाहेर, औषधाची बाटली बाहेर, टेपा उभ्या. जुने सांधे कापताना पात्याने उजवा अंगठा चांगलाच कापला. माझ्याजवळच्या डब्यात यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या निळ्या पट्ट्या असतात, तुकडा पडला तर लगेच दिसावा म्हणून निळ्या. तसली एक लावली आणि बाबांची टेप हेडफोनवर ऐकायला बसले. सोबत कॉम्प्युटरवर तिची प्रत उतरत होती.

या वेळी खोलीत मास्तर नव्हते. स्पीकर बंद होता. आणि तरी अकराव्या मिनिटाला, सात मात्रा संपल्यावर, रिकाम्या जागेत टाळी पडली.

मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. श्रोत्यांत खोकणारे होते, खुर्च्या सरकवणारे होते, मोठ्याने "हे कधी संपणार?" विचारणारा एक महाभाग होता. त्या सगळ्यांमधून एकच माणूस, पहिल्याच वेळेपासून, अचूक त्या जागी टाळी देत होता. ही रचना तोवर कुणीही ऐकलेली नव्हती. ती जागा येणार हे त्या चौघांखेरीज कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला एखाद्या तयार कानाला अंदाज येईल. पहिल्याला कसा येईल?

माझ्याकडे उत्तरं होती. टेप गुंडाळून ठेवली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो, हे पहिल्या वर्षातच शिकवतात. पण तो असलेल्या आवाजाचाच पडसाद असतो. ही टाळी कशाचाच पडसाद नव्हती. मग मी तिचा आलेख पडद्यावर मोठा करून पाहिला आणि माझा चेहरा खुलला. सभागृहातल्या प्रत्येक आवाजामागे मोठ्या छताचं शेपूट होतं. टाळीमागे नव्हतं. ती कोरडी होती, जवळची, लहान खोलीतली. गालिचा ठोकलेल्या खोलीतली.

म्हणजे झालं हे होतं: इतकी वर्षं दर गुरुवारी मास्तर टाळ्या वाजवत होते, आणि मशीनचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं होतं. माझ्या बाबांच्या एकुलत्या टेपेवर या माणसाने स्वतःच्या टाळ्या कोरून ठेवल्या होत्या.

मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि जे सुनवायचं ते सुनवलं. बेजबाबदार, अडाणी, असे शब्द वापरले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वर आले, टेबलाचा खण उघडला आणि फडक्यात बांधलेल्या दोन वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. अंगठ्याएवढे धातूचे ठोकळे.

"हे लिहिणारं हेड, हे पुसणारं," ते म्हणाले. "कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काढून ठेवलीत. ही टेप पुसली जाऊ नये म्हणून. तेव्हापासून हे मशीन नुसतं वाचतं, मॅडम. लिहीत नाही."

मी मशीनचं झाकण काढून बघितलं. दोन जागा रिकाम्या होत्या. स्क्रूच्या भोकांत अठ्ठावीस वर्षांची धूळ बसली होती.

४

बँडमधले बेसवाले काका आता पाण्याचे पंप विकतात. ज्या माणसाने कधीकाळी सात मात्रांची ती ओळ रचली, तो काउंटरमागे बसून गिऱ्हाइकाला अर्ध्या आणि एक अश्वशक्तीतला फरक समजावत होता. चेहऱ्यावर कसलंही दुःख नाही. उलट तब्येत सुधारलेली.

"अरे वा, आलीस? बस. काय घेणार?"

"मला त्या टाळीबद्दल विचारायचंय."

त्यांनी हातातलं कॅटलॉग मिटलं. "मास्तर भेटले वाटतं."

"कार्यक्रमात टाळी कोण देत होतं?"

"कुणी नाही. साठ माणसं आलेली, त्यातली तीस अर्ध्यातच पळाली. उरलेली आपापल्या पोरांना न्यायला आली होती." ते स्वतःच्याच विनोदावर हसले, मग थांबले. "खरं सांगू? तुझ्या बाबाला ती जागा कधी जमलीच नाही. तालमीत शंभर वेळा वाजवलं असेल, शंभर वेळा चुकला. एक तर लवकर यायचा, नाही तर उशिरा. आम्ही त्याला म्हटलं, अरे, काढून टाकू ती रिकामी मात्रा. तर रडकुंडीला आला. आणि कार्यक्रमात एकदम जमली. सोळाच्या सोळा. मी वळून बघितलं तर डोळे मिटून वाजवत होता. कान असा," त्यांनी मान उजवीकडे कलती केली, "कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा."

"तुम्ही ऐकली टाळी?"

"मी?" ते उठून रॅकवरचा एक पंप उगाच सरळ करू लागले. "त्यानंतर मी कधी वाजवलं नाही, एवढं मला माहितीये."

भित्रा माणूस, मी मनात म्हटलं. सगळेच भित्रे. पहिल्या अडचणीला पंप विकायला बसणारे आणि वर त्याला रहस्याचा मुलामा देणारे.

५

बुधवारी मी मास्तर, त्यांची खुर्ची आणि त्या टाळ्या, हे तिन्ही प्रश्न एकदम निकालात काढले.

आधी व्यवस्थापकांकडे गेले. हा गृहस्थ समोरच्या प्रत्येकाला मान डोलावतो. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी खोलीचं कुलूप बदलायला आणि मास्तरांना आत न सोडायला होकार दिला. नंतर मी ती लाकडी खुर्ची उचलून बाहेर पॅसेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून ठेवली. आणि मग कॉम्प्युटरवरच्या प्रतीतून सोळाही टाळ्या काढून टाकल्या. एकेक करून, मुळासकट. आईला मी बाबांचं वाजवणं ऐकवणार होते, एखाद्या आगंतुकाचं नाही.

स्वच्छ केलेली प्रत लावली. अकरावं मिनिट आलं. सात मात्रा, रिकामी जागा, आणि ड्रम उशिरा पडला.

किंचितच. केसभर. दुसऱ्यांदा त्याहून थोडा जास्त. आठव्या आवर्तनापर्यंत बाबा चाचपडत होते, आणि बाकीचे तिघे त्यांच्यासाठी थांबत होते.

माझ्याकडे याचंही उत्तर होतं. टाळी कापताना ड्रमच्या ठोक्याची सुरुवातही थोडी कापली गेली असणार, म्हणून कानाला तो उशिरा वाटतो. माझाच हात जड पडला. शुक्रवारी आईला न कापलेली प्रत ऐकवू, असं ठरवून मी घरी गेले.

आई कपडे घडी करत होती. मी तिला विचारलं, कार्यक्रमात कुणी टाळ्या वाजवत होतं का?

"टाळ्या? मी पहिल्या रांगेत होते गं. संपल्यावर एकटी मीच वाजवल्या, त्याही मेल्या कुणी साथ देईना म्हणून लाजून थांबवल्या." ती हसली. "ती त्याची सात-सातची भानगड ना? घरात नुसता वैताग होता. जिना चढताना मोजायचा, भांडी घासताना मोजायचा. तुला झोपवतानासुद्धा. एक ते सात म्हणायचा आणि गप्प व्हायचा."

"मग?"

"मग काय, तू टाळी द्यायचीस. दीड वर्षाचं ध्यान. धड उभं राहता येत नव्हतं, पण बरोबर त्या गप्प जागेत, फट्! आणि तो पुन्हा एकपासून. असा खूश व्हायचा की विचारू नकोस. म्हणायचा, बघ, हिला कळतं."

लहान मुलं कशालाही टाळ्या देतात. मी तसं तिला म्हटलंही.

"हो का?" आई म्हणाली. "शुक्रवारी किती वाजता यायचं?"

६

गुरुवारी अकरा वाजता मी खोलीत एकटी होते. नवं कुलूप, नवी किल्ली. पॅसेजच्या खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं आणि खाली कुणीतरी सभागृहातल्या खुर्च्या मोजत होतं. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मूळ टेप चढवली. कापाकापीचा प्रश्नच नको. स्पीकर चालू केला.

पहिली अकरा मिनिटं सुरेख गेली. बाबांचा हात हलका होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका. मग बेसची ओळ सुरू झाली. सात मात्रा. रिकामी जागा.

टाळी पडली नाही.

ड्रम पडला नाही.

बेस दोन सूर पुढे गेली आणि थांबली. कीबोर्डचा एक सूर लोंबकळत राहिला, मग तोही विझला. सभागृहात कुणी खोकलं. कुणाची तरी खुर्ची वाजली. आणि मग माणसांचा, छताचा, मोठ्या जागेचा सगळा आवाज हळूहळू आक्रसत गेला, जसं कुणी दारं लावत यावं, आणि उरली एक लहान, कोरडी खोली. त्या खोलीत एक पुरुष मोजत होता.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात."

मग शांतता. मग पुन्हा, "एक, दोन, तीन…"

बाबांचा आवाज मला आठवत नव्हता. तो कसा असेल याच्या किती कल्पना केल्या होत्या. हा त्यांतल्या एकीसारखाही नव्हता. साधा आवाज होता, थोडा बसलेला. घाईत नव्हता. दर सातानंतर तो थांबायचा, आणि त्या थांबण्यात आशा होती.

मी घड्याळ बघितलं. टेप एकोणीस मिनिटांची. सव्वीस झाली होती. टेप सोडणारं चाक अजून भरलेलंच होतं.

मी मशीनमागे गेले, वाकले, दोन्ही हातांनी प्लग धरला आणि उपटला. आवाज थांबला. चाकं थांबली. आणि मी वाकलेली असतानाच माझी नजर दाराच्या काचेवर गेली. बाहेर पॅसेजमध्ये ती खुर्ची होती. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड केलेली. तिच्यावर कुणीतरी बसलं होतं. काचेचा तुकडा अरुंद होता, मला हातच दिसले. दोन्ही तळवे वीतभर अंतरावर उचलून धरलेले, टाळी देण्याआधी धरतात तसे. एकमेकांवर येत नव्हते. थांबले होते.

बाईचे हात होते. उजव्या अंगठ्यावर निळी पट्टी.

काचेत माझंच प्रतिबिंब पडलं असणार, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. तेही पटलं असतं, जर त्या वेळी माझे दोन्ही हात प्लगवर नसते.

दार उघडलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. तोंड मात्र दाराकडे होतं.

७

मास्तर तळमजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसले होते. आत सोडत नव्हते तरी अकराच्या ठोक्याला आले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

"थांबला?"

मी मान डोलावली.

"मोजतोय?"

"खुर्ची तुम्ही फिरवलीत ना?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "हे सगळं तुम्ही... कसलं तरी ढोंग..."

"मी वर आलोच नाही, पोरी. त्या पोऱ्याला विचार." त्यांनी दारावरच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं. पहारेकरी पन्नाशीचा होता. त्याने जांभई देत मान डोलावली.

मी पायरीवर बसले. मग मी विचारलं, "आईला खोटं का सांगितलंत?"

"तिने ऐकली असती तर?"

"ऐकली असती. रडली असती. घरी गेली असती."

"नाही गं," ते म्हणाले. "मी एकोणीस मिनिटं टाळ्या देतो, तो वाजवतो, संपलं की मी टेप गुंडाळतो आणि घरी जातो. मला जमतं. का जमतं? तो माझा कुणी लागत नाही." त्यांनी घट्टे पडलेले तळवे एकमेकांवर चोळले. "तुझी आई त्या खुर्चीवर बसली असती, तर उठली नसती."

"हा मूर्खपणा आहे."

"असेल. तुझं शिक्षण जास्त."

"उद्या सकाळी तुम्ही या. मी कुलूप उघडून देते. तुम्ही टाळ्या द्या."

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यात राग नव्हता, हे मला जास्त झोंबलं.

"आता माझी टाळी चालणार नाही. तू आलेली त्याला कळलंय."

८

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा आई तयार होऊन बसली होती. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येणारे ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, मांडीवर पर्स. पर्समध्ये बाबांच्या ड्रमच्या काड्या होत्या. टोकं बाहेर आली होती.

"घेतल्यात बरोबर," ती ओशाळून म्हणाली. "असू देत. काय हरकत आहे?"

गेले आठ दिवस मी ज्यांना नावं ठेवली ते सगळे मला त्या वेळी आठवले. मास्तर, पंपवाले काका, मान डोलावणारे व्यवस्थापक. त्यांच्यापैकी एकानेही माझ्याएवढं नुकसान केलं नव्हतं. ते घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसांनी करावं तसं शहाणपणाने वागले होते. मी तेवढी शिकलेली होते. एका माणसाला काल अकरापासून त्या रिकाम्या जागेच्या काठावर उभं करून ठेवण्याइतकी.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आई, टेप खराब झालीय."

मास्तरांचेच शब्द. मला वाटलं होतं, ते उच्चारायला कठीण जातील. सहज निघाले.

आई माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे वाक्य ती चौथ्यांदा ऐकत होती आणि पहिल्या तीन वेळांसारखाच याही वेळी तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता. तिने पर्सची चेन लावायचा प्रयत्न केला. काड्या आड येत होत्या.

"तू कुठे निघालीस मग?"

"थोडं काम आहे. आवरून येते."

"किती वेळ लागेल?"

"एकोणीस मिनिटं," मी म्हटलं.

मोरीत जाऊन मी अंगठ्यावरची निळी पट्टी ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. म्हणजे काचेतले ते हात माझे ठरणार नव्हते. एवढा तर्क माझ्यात अजून शिल्लक होता. हात धुतले. जखम पुन्हा उघडली. नळाखाली धरला, कापूस दाबला, फडकं गुंडाळलं. रक्त थांबेना.

शेवटी डबा उघडला. आत पट्ट्या होत्या, सगळ्या निळ्या. एक लावली, किल्ली घेतली आणि निघाले. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी पायऱ्या मोजतेय. सातवीनंतर पाय आपोआप थांबला, आणि या वेळी माझी टाळी बरोबर पडली.